बारापूर्वीचा आवाज

अन्सारभाई तिसऱ्यांदा म्हणाले, “हा माझा नाही. यात जीव नाही,” आणि शेखर काहीच बोलले नाहीत. पडद्याच्या अलीकडे मी पाटावर बसले होते. माझा हात बटणावर होता. समोर ट्रॉलीवर दोन्ही अॅम्प्लिफायर चालू होते. एक अन्सारभाईंनी स्वतः बांधलेला, व्हॉल्वचा, काचेच्या चार उभ्या दिव्यांचा. दुसरा आमच्या निकितानं बंगलोरहून बापाच्या, म्हणजे शेखरच्या, साठीसाठी पाठवलेला, ट्रान्झिस्टरचा, काळा, जेवणाच्या डब्याएवढा. बाहेरच्या खोलीत बासरीची तबकडी संपत आली होती. शेखर बोलले नाहीत याचा अर्थ मला लगेच कळला. त्यांच्या हिशोबानं आत्ता व्हॉल्वचा चालू होता. म्हणजे अन्सारभाई स्वतःच्या हातच्या वस्तूला निर्जीव म्हणत होते, आणि एकदा नाही, तीन वेळा. घरात मुलाच्या तोंडावर कुणी म्हणावं हा माझा नव्हे, आणि बाकीच्यांनी जमिनीकडे बघावं, तसं काहीसं त्या खोलीत झालं असणार. मला दिसत नव्हतं. पडदा जाड होता, आणि मी मौनात होते.

मौनात होते म्हणूनच मला तिथं बसवलं होतं. शेखर सकाळीच म्हणाले, “बटण मैना फिरवेल. बारापर्यंत तिच्या तोंडून हूं निघत नाही, म्हणजे चुगलीचा प्रश्नच नाही.” अन्सारभाई हसले. “भाभींसारखा पंच अख्ख्या नाशकात मिळायचा नाही.” माझं मौन साधं नाही. काष्ठमौन म्हणतात त्याला. सूर्य उगवल्यापासून मध्यान्हापर्यंत बोलायचं नाही, खूण करायची नाही, पाटीवर लिहायचं नाही, डोळ्यांनी सांगायचं नाही. लाकडानं असावं तसं असायचं. बाकीचे नेम त्याच्या आतबाहेर चालतात: तुळशीला पाणी, देवीचा दिवा, एक वेळचं जेवण. अन्सारभाईंची बायको गुलजारबी, ती होती तोवर, दर ईदेला शीरखुर्मा घेऊन यायची आणि दारातच म्हणायची, “नाव मैना, आणि पिंजऱ्यात आवाज नाही. ये कैसी मैना?” मी बाराची वाट बघत तिच्यासमोर बसून राहायची. ती एकटीच बोलत राहायची. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट बरंच वाटत असावं.

हा नेम मी वणीच्या गडावर चातुर्मासापुरता घेतला होता. चार महिने. त्या वर्षी सातपूरचा कारखाना बंद पडला होता आणि शेखर घरी होते. सकाळी उठलं की आमच्यात काहीतरी निघायचं. दुधावरून, पंख्यावरून, कशावरूनही. मौन घेतल्यावर ते निघेनासं झालं. चातुर्मास संपला, उद्यापन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोललेच नाही. शेखरनीही विचारलं नाही. पुढे दुसरी नोकरी लागली, निकिता शिकली, गेली, आणि सकाळ तशीच राहिली. लोक पाया पडायला लागले. पाया पडून घेताना मला कधी कधी वाटायचं, ही देवीची सेवा आहे की घरातली सोय आहे. पण हे बोलून दाखवायची वेळ यायची ती नेहमी बारानंतर, आणि बारानंतर स्वयंपाक असतो.

तर बाहेरच्या खोलीत दोन भोंगे आहेत. चांदवडचं थेटर बंद पडलं तेव्हा शेखरनी तिथून आणले. लाकडी पेट्या, माझ्या खांद्याला लागतील इतक्या उंच, आणि वर पत्र्याचे रुंद तोंडाचे भोंगे. आठशे माणसांना ऐकू जाण्यासाठी केलेली वस्तू आम्ही दोघांच्या घरात ठेवली आहे. त्यांची गंमत अशी, की त्यांना ताकद लागतच नाही. चिमूटभर वीज दिली की ते खोली भरून टाकतात. त्यामुळेच हा वाद सुरू झाला. निकिताचा काळा डबा शंभर वॅटचा. शेखर म्हणायचे, त्यातले दोन वॅटसुद्धा आपण वापरणार नाही. अन्सारभाईंच्या व्हॉल्वचे सगळे मिळून तीन. “बास झाले की,” अन्सारभाई म्हणायचे. “शंभर वॅटचा घोडा तुमच्या दिवाणखान्यात धावणार कुठं? इथं तो दोन पावलं टाकणार. मग ती पहिली दोन पावलं कशी पडतात तेवढं बघा. पुढची अठ्ठ्याण्णव काय करायचीत?” यावर शेखर म्हणायचे, काळ्यात तबला बघा, डग्गा जिथं थांबायचा तिथं थांबतो, तुमच्यात तो थांबून पुन्हा जरा रेंगाळतो. अन्सारभाई म्हणायचे, “माणूस पण रेंगाळतो शेखरभाऊ. दारात चप्पल घालून अर्धा तास बोलत उभं कोण असतं? तुम्हीच.” असं महिनाभर चाललं होतं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काळा म्हटलं असतं. तो एक गोष्ट सांगतो आणि गप्प होतो. व्हॉल्वचा गोष्ट सांगून झाल्यावरही खोलीत राहतो. अगदी अक्षरशः राहतो, कारण त्याला एक गुणगुण आहे. साध्या स्पीकरला ती ऐकू येणार नाही, पण हे भोंगे इतके तिखट कानाचे, की अॅम्प्लिफायरचा श्वासही बाहेर सांगतात. मी सकाळी जपाला बसते तेव्हा शेखर व्हॉल्व तापायला लावून फिरायला जातात. गाणं नसतं. नुसती ती गुणगुण, तांब्याच्या घंगाळ्यात पाणी ओतून झाल्यावर काठाशी राहते तशी. इतके महिने माझ्या मौनात दुसरं कुणीतरी बसलेलं होतं.

आजचा दिवस मात्र वादाचा नव्हता. अन्सारभाई द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत मोटारी रिवाइंड करतात, पंपाच्या, मिक्सरच्या. दुकानाच्या मागच्या बाजूला एक जुनं वाइंडिंगचं मशीन आहे, त्यांच्या वडलांचं. त्यावर फक्त व्हॉल्वचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात, केसासारखी तार, थरावर थर. ते काम वर्षाला दोन-तीन येतं. त्यांचा मुलगा अदनान, सरळ मुलगा आहे, त्याला त्या जागेवर मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकायचंय. त्यानं भंगारवाला ठरवला होता, टेम्पोसकट, आजच्याच दिवशी. सकाळी चहा घेता घेता अन्सारभाईंनी हे सगळं सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. “पोरगा म्हणतो, अब्बा, तुमचं तुम्हालाच ऐकू येतं, दुसऱ्या कुणाला नाही. मी म्हटलं, ठीक आहे. आज शेखरभाऊंकडं पडदा लावून ऐकतो. माझं मला ओळखता आलं, तर मशीन राहील. नाही आलं, तर तो म्हणतो ते खरं. मग लोखंड कशाला सांभाळायचं?” शेखर म्हणाले, “असं कुणी ठरवतं का?” अन्सारभाई म्हणाले, “मग कसं ठरवतात?” मग त्यांनी बशीतला चहा संपवला, व्हॉल्वच्या पेटीखाली हात घालून काहीतरी केलं, आणि म्हणाले, “तुमची ती गुणगुणपण आज मारून टाकलीये.”

मला काम सोपं दिलं होतं. एका लाकडी खोक्यावर फिरतं बटण, त्याला बाणासारखा काटा, भोवती चार खटके. काटा वर असला की व्हॉल्वचा. “एक खटका गेलं की काळा, एक खटका परत आलं की माझा. बाकीची घरं रिकामी राहू नयेत म्हणून तीपण काळ्यालाच जोडलीत, तिकडे बघू नका,” अन्सारभाईंनी सांगितलं होतं, आणि मग भोंग्यांसमोर खुर्ची घेऊन माझ्याकडे पाठ करून बसले होते. शेखर तबकडीपाशी. पडद्याच्या फटीतून त्यांचं बोट वर झालं की मी फिरवायचं, नाही झालं तर तसंच ठेवायचं. कधी फिरणार, कधी नाही, हे अन्सारभाईंना माहीत नाही. पहिल्यांदा ते म्हणाले, “हा माझा.” बरोबर होतं. बोट वर झालं, मी फिरवलं, ते म्हणाले, “हा काळा.” बरोबर. पुन्हा बोट वर झालं, मी फिरवलं. तिथून पुढे ते तीन वेळा म्हणाले की हा काळाच आहे, आणि तिन्ही वेळा शेखरनी बोट उचललं नाही, काहीतरी चुकतंय, आता ओळखतील, अजून एकदा ऐकू दे, अशा थाटात. मधे एकदा तर शेखर नकळत “वा” म्हणाले, बासरीच्या एका लांब स्वराला, डोळे मिटल्यावर म्हणतात तसं. मी फक्त एवढं टिपलं होतं की सुई उचलल्यावर मधल्या जागेत गुणगुण नव्हती. मला वाटलं, खरंच मारली त्यांनी. जरा चुकल्यासारखंही वाटलं. रोज शेजारी बसणारा माणूस एखाद्या दिवशी आला नाही तर वाटतं तसं.

“पुरे करू या,” शेखर म्हणाले. “अन्सारभाई, तिन्ही वेळा तुमचाच होता.”

 अन्सारभाईंची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग फोन लावल्याचा. “अदनान. हां, झालं. त्याला म्हणावं घेऊन जा. नाही रे, नाराज कशाला होऊ. आत्ताच ने म्हणावं, मी नमाजला परस्पर जातो, मला बघायचं नाही.” शेखर मधेच म्हणाले, “बासरीचं गाणंच चुकीचं घेतलं आपण, सतार घ्यायला हवी होती.” अन्सारभाई म्हणाले, “गाणं बरोबर होतं.”

मी उठायच्या आधी बटणाकडे बघितलं. काटा खाली होता. जमिनीकडे. मी तो कितीतरी वेळ बघत राहिले असेन, किंवा क्षणभरच. एक खटका गेलं आणि एक खटका परत आलं तर काटा वर हवा. तो खाली होता, म्हणजे मी परत आलेच नव्हते. मी पुढेच गेले होते. उजवीकडे एक, आणि पुन्हा उजवीकडे एक. हात डावीकडे वळलाच नाही. ओवाळायचं ते उजवीकडून, तुळशीची प्रदक्षिणा उजवीकडून, गाभाऱ्यात पुजाऱ्याच्या हातातला दिवा फिरतो तो उजवीकडून. पण बरणीचं झाकण मी उघडतेच की, नळ सोडते, कुलूप काढते. तेव्हा हात बिनदिक्कत डावीकडे जातो. त्यामुळे हा नेम होता असं म्हणता येणार नाही. फक्त समोर अंधार केलेला होता, मी पाटावर बसले होते, तोंड बंद होतं, आणि चार काचांच्या आत चार ज्योती लागल्या होत्या. हातानं आपलं आपण ठरवलं की ही पूजा आहे. मला विचारलं नाही. तिन्ही वेळा काळाच वाजत होता. अन्सारभाईंनी तीन वेळा बरोबर सांगितलं होतं. आणि शेखरनी ज्या स्वराला वा म्हटलं होतं, तो स्वर काळ्याचा होता.

बाराला अजून अवकाश होता. पडद्याच्या फटीतून दिसत होतं, समोरच्या बाल्कनीतलं ऊन अजून दुसऱ्या फरशीवर होतं. ते तिसरीवर येतं तेव्हा मी तीर्थ घेते आणि देवीचं नाव घेऊन तोंड उघडते. अन्सारभाई जिन्याच्या दाराशी चपला शोधत होते. शेखर त्यांना काहीबाही सांगत होते, कान काय, वय काय, हवेतला दाब काय. मी पडद्यामागे बसून स्वच्छ विचार करत होते. बारा झाल्यावर सांगितलं तरी खरं तेच राहील, फक्त मशीन राहणार नाही. इतक्या वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. निकिताला ताप चढला तेव्हा मी तिला उचलून शेजाऱ्यांच्या दारात नेऊन उभी राहिले होते; बोलले नव्हते. सासूबाई गेल्या त्या सकाळीही नाही. त्या सकाळी त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं, आणि मी त्यांच्या तळपायाला तूप चोळत राहिले होते. लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं. त्यांनी काय विचारलं होतं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की प्रश्न छोटा होता.

मी बटण डावीकडे फिरवलं. एक खटका, मग दुसरा. काटा वर आला. तबकडी थांबलेली होती, खोलीत काही वाजत नव्हतं, आणि भोंग्यांमधून ती गुणगुण सुरू झाली. अगदी बारीक. मेली नव्हती. शेखर बोलतच होते.

“गप्प बसा जरा,” अन्सारभाई म्हणाले.

शेखर गप्प झाले.

“हा माझा.”

“हो, म्हणजे तोच तर होता मघापासून.”

“मघापासून हा नव्हता. मघाशी गाणं थांबलं की सगळं थांबत होतं. हा आत्ता आला.” पावलं जवळ आली, पडदा बाजूला झाला. एका पायात चप्पल होती. त्यांनी आधी काट्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग वाकून स्वतः बटण उजवीकडे फिरवलं. गुणगुण गेली. पुन्हा उजवीकडे. गेलेलीच राहिली. त्यांनी ते तिथंच सोडलं. मी लाकडासारखी बसून होते, पण खूण तर करून झाली होती. काष्ठमौनात हात हलवून सांगणं हेही बोलणंच. मनात मी थोडा वेळ वकिली केली, की मी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त वस्तू जागेवर ठेवली. ती टिकली नाही.

“भाभी गोल फिरल्या,” अन्सारभाई म्हणाले. “मी अडवणारा खटका बसवायला पाहिजे होता. मला काय माहीत, तुम्ही परत येत नाही म्हणून.” मग शेखरकडे वळून, “आणि तुम्ही वा कशाला म्हणालात?”

“मला वाटलं तुमचा आहे,” शेखर म्हणाले. ते भोंग्यांकडे वळले. मग म्हणाले, “मला खरंच गोड लागला होता.”

“लागला असेल. वाईट नाहीच तो.” अन्सारभाई खुर्चीवर टेकले. “खोटं कशाला बोलू, मघाशी चप्पल घालताना मला हलकं वाटलं होतं. म्हटलं सुटलो. आता वडलांचं काही राहिलं नाही, आता मोबाइल बघत बसायचं.” त्यांनी फोन काढला आणि लावला. “अदनान, थांबव त्याला. अरे चूक झाली, बटण चुकलं होतं. नाही, मी बरोबर होतो. अरे ऐक ना.” पलीकडचं बोलणं आम्हालाही ऐकू येत होतं, नीट शब्द नाही, चढाव, पण अर्थ कळत होता: सकाळी एक, आत्ता दुसरं, टेम्पो दारात उभा, माणसं उचलायला लागलीत, आणि तुम्ही असंच दर वेळी करता. फोन ठेवला गेला. अन्सारभाईंनी शेखरकडे बघितलं आणि लगेच नजर काढली. शेखर म्हणाले, “मी बोलू का त्याच्याशी?” अन्सारभाई म्हणाले, “तुम्ही माझेच दोस्त. तुमचं तो कशाला खरं मानेल?”

मग त्यांनी फोन माझ्यासमोर पाटाच्या कडेला ठेवला. हातात दिला नाही. “भाभी, मी सांगत नाही बोला म्हणून. तुमचा धरम तुम्हाला माहीत. पण त्या पोरानं लहानपणापासून बघितलंय, तुम्ही बाराच्या आत बोलत नाही. त्याच्या आईनं किती चिडवलं, तरी नाही. तुमचा आवाज त्यानं आत्ता ऐकला, तर तो थांबेल. दुसऱ्या कशानं थांबणार नाही.”

ऊन दुसऱ्या फरशीच्या कडेला आलं होतं. तिसरीला अजून लागलं नव्हतं. फोनच्या काचेवर अदनानचं नाव होतं, त्याखाली हिरवं बटण. माझ्या मनात त्या वेळी देवी नव्हती, हे मी लिहून ठेवते. भीतीही नव्हती. फक्त एक कुतूहल होतं, की माझा सकाळचा आवाज कसा असेल. मला तो माहीत नव्हता. शेखरनाही नव्हता. त्यांनी तो विसरून किती वर्षं झाली असतील, आणि शेवटचा ऐकला तेव्हा मी कशावरून चिडले होते, दुधावरून की पंख्यावरून. मी हिरवं बटण दाबलं. बराच वेळ वाजलं.

“आता काय, अब्बा?”

“अदनान, मी मैनाकाकू.” आवाज जाड निघाला, दुसऱ्याच कुणाचा तरी. शेखरनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. “तुझे अब्बा बरोबर होते. चूक माझ्या हातानं झाली.”

पलीकडे फरशीवरून लोखंड ओढल्याचा आवाज येत होता.  मग अदनान म्हणाला, “काकू, बारा वाजून गेले का?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यानं फोन तोंडापासून लांब नेला असावा. आवाज लांबून आला, पण स्पष्ट होता. तो कुणाला तरी म्हणत होता, “राहू दे. ठेव ते खाली.”